नैवेद्याएवढं जेवण

माझ्या आजारपणात सर्वांत जास्त उपकार कोणाचे झाले असतील तर ते माझ्या सासूबाईंचे, हिराबाईंचे. आमच्याकडे बायकोच्या आईला मामी म्हणतात, म्हणून मीही त्यांना मामीच म्हणतो. त्या इगतपुरीजवळच्या एका गावात राहतात. घरी भातशेती आहे. शिक्षण चौथीपर्यंत. माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी केलं आणि त्यांचा मी आयुष्यभर ऋणी राहीन. पण ऑपरेशननंतर काही महिन्यांनी वजनाचा काटा हलेनासा झाला, तेव्हा मला धरून ठेवलं ते मामींनी. असं ऑपरेशन होऊनही ज्यांचं वजन अगदी हळू उतरतं आहे आणि ज्यांचा धीर सुटत चालला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

"तुम्ही रात्री झोपत नाही, तुम्ही रात्रभर गुदमरता," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी आणि माझी बायको सुनंदा त्यांच्यासमोर बसलो होतो. आदल्या रात्री माझी स्लीप स्टडी झाली होती, म्हणजे अंगाला तारा लावून झोपेची तपासणी. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. वजन वाढलं की गळ्याच्या आतबाहेर चरबी साठते. झोपेत श्वासाची वाट बंद होते. मेंदू दचकून जागा होतो, श्वास सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. सकाळी उठलेल्या माणसाला यातलं काही आठवत नाही. त्याला फक्त दिवसभर झोप येत राहते.

ही झोप पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आली असेल तर माझ्या मुलीच्या. ओवी तेव्हा दुसरीत होती. मी तिला रोज स्कूटरवरून शाळेत सोडून पुढे सातपूरला कारखान्यात कामावर जायचो. मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबलो की ती मागून माझ्या पाठीत बोट टोचायची आणि म्हणायची, "बाबा, हिरवा!" मला वाटायचं, पोरीचा खेळ आहे. एके दिवशी बोट टोचलं जायच्या आतच स्कूटर कलली. पाय टेकला म्हणून दोघं वाचलो. मागचा रिक्षावाला ओरडला, "ओ भाऊ, झोपले का काय? लेकरू हाय ना मागं!"

घरी आल्यावर ओवी आईला म्हणाली, "बाबा रोज झोपतात. म्हणून तर मी बोट टोचते."

डॉक्टरांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजपासून गाडी बंद. वजन उतरल्यावर पुन्हा तपासणी करू. मी सांगेन तेव्हाच चावी हातात घ्यायची." ओवीला शाळेची व्हॅन लावली. पहिल्या दिवशी व्हॅनमध्ये चढताना तिने विचारलं, "बाबा, तुम्ही बरे झाल्यावर आपण परत स्कूटरवर जायचं ना?" मी हो म्हटलं. हे हो मला खरं करायचं होतं. बाकी कशासाठीही मी एवढ्या लांब आलो नसतो.

मी नांदगाव तालुक्यातला. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला मीच. कॉलेजच्या सुट्टीत घरी गेलो की आई डोळे भरून बघायची आणि म्हणायची, "तब्येत चांगली झाली बरं का." आमच्याकडे तब्येत म्हणजे अंगावरचं मांस. जाड झाला की तब्येत सुधारली, बारीक झाला की तब्येत उतरली. चाळिशीत माझी तब्येत सव्वाशे किलोच्या वर सुधारली होती. शुगर आणि ब्लडप्रेशर सोबत होतंच. पथ्यं, व्यायाम, काढे सगळं करून झालं होतं. शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं.

माझं ऑपरेशन स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या नावाचं होतं. दुर्बिणीतून जठराचा मोठा भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. त्यामुळे भूक कमी लागते आणि थोड्याशा खाण्यात पोट भरतं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, "मी तुम्हाला फक्त एक हत्यार देतो आहे. ते वापरायचं काम तुमचं."

ऑपरेशननंतर मामी आमच्याकडे राहायला आल्या. सुरुवातीला फक्त पातळ पदार्थ चालत होते. डाळीचं पाणी, ताक, प्रोटीनची पावडर, तेही घोट घोट. मामी ते भांडं हातात धरून सुनंदाला म्हणायच्या, "अगं, बाळंतिणीला बी याच्यापेक्षा जास्त देत्यात. ह्यांना का चिमणीसारखं पाजती?" सुनंदा म्हणायची, "आई, तू नको मध्ये पडू." त्या माझ्याकडे बघून सुस्कारा सोडायच्या.

पहिले काही महिने वजन भराभर उतरलं. पँटी ढिल्या झाल्या. कारखान्यात लोक थांबून विचारू लागले. रात्री नाकावर लावायच्या सीपॅप मशीनमुळे झोपही होत होती. हे मशीन हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवतं. मला वाटलं, आता जिंकलो.

मग काटा थांबला. एका महिन्यात काही नाही. दुसऱ्या महिन्यात जेमतेम किलोभर. तपासणीला गेलो की बाकावर शेजारी बसलेल्या माणसाचं ऑपरेशन माझ्यानंतर झालेलं असायचं आणि वजन माझ्यापेक्षा जास्त उतरलेलं असायचं. मी सकाळ-संध्याकाळ काट्यावर उभा राहू लागलो. काटा हलावा म्हणून सकाळचं खाणं बंद केलं. प्रोटीन टाळलं. थोड्याच दिवसांत कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले आणि एकदा कामावर उभ्याउभ्या चक्कर आली.

डॉक्टर रागावले. "उपाशी राहून तुम्ही चरबी नाही, स्नायू जाळताय. याला प्लॅटो म्हणतात, पठार. कसारा घाट उतरताना मध्ये सपाट रस्ता लागतो की नाही? म्हणून गाडी कोणी मागं वळवतं का?" आहार ठरवून देणाऱ्या डाएटिशियन मॅडमनी पुन्हा सांगितलं, थोडं खा, पण वेळेवर खा, प्रोटीन आधी, सावकाश चावून. आणि काटा आठवड्यातून एकदाच.

डोक्याला ते पटलं, मनाला नाही. कारण थोडं खाणं ही आपल्याकडे एकट्याची गोष्ट नसते. वाढणारा हात समोर असतो.

त्यातच अधिक महिना आला. तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या या महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याला बोलावून धोंड्याचं जेवण द्यायचं. धोंडे म्हणजे कणकेत पुरण भरून केलेले गोळे, वर तुपाची धार. मामी तोवर गावी परतल्या होत्या, म्हणून आम्ही त्यांच्याकडे इगतपुरीला गेलो. पाऊस कोसळत होता, भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, नुकतीच उरकली होती आणि घर पाहुण्यांनी भरलं होतं.

माझा मेहुणा रमेश रेल्वेत आहे. थट्टेखोर माणूस. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "दाजी, डॉक्टरनं ऑपरेशन केलं का नुसती भूल देऊन घरी पाठवलं?"

सगळे हसले. मीही हसलो. पण मला वाटलं, सगळ्यांना असंच वाटत असणार, की हा चोरून खातो.

मामींनी मला पाटावर बसवलं, ओवाळलं आणि ताट समोर ठेवलं. भात, वरण, भाज्या, वडे, धोंडे, काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. मला चार घासांच्या पुढे जाता येत नाही हे त्यांना माहीत होतं. पण चारचौघांत नारायणाचं ताट अर्धं कसं वाढायचं, हे त्यांना सुचलं नाही, आणि ते परत कसं सारायचं, हे मला सुचलं नाही. "जावईबापू, आज नाय म्हणू नका," एवढंच त्या म्हणाल्या. मी खात राहिलो.

थोड्याच वेळात छाती धडधडू लागली, घाम फुटला, पोटात कळा आल्या. मागच्या पडवीत जाऊन मी सगळं ओकलो. याला डम्पिंग म्हणतात. गोड आणि तुपकट खाणं लहान झालेल्या जठरातून एकदम आतड्यात उतरलं की असं होतं. ज्यांचं ऑपरेशन झालं आहे त्यांनी हा प्रकार हसण्यावारी नेऊ नये आणि डॉक्टरांना जरूर सांगावा.

मामी पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभ्या होत्या. "माझ्याच हातानं घातलं बाई मी," एवढंच त्या पुटपुटल्या. मी तिथेच सुनंदाला सांगितलं, "माझ्याच्यानं नाही व्हायचं हे. आता जाऊ दे. आहे तसा राहीन." ओवी दारात उभी होती. तिने ते ऐकलं. ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर पडून होतो. आत मामी पूजा करत होत्या. मग त्या बाहेर आल्या आणि माझ्यासमोर एक पितळेची छोटी ताटली ठेवली. तळहाताएवढी. तिच्यात मटकीची उसळ, चमचाभर भात, थोडं वरण, दह्याचा एक ठिपका आणि कडेला नखाएवढा धोंड्याचा तुकडा. ती देवघरातली नैवेद्याची ताटली होती.

"मामी, ही तर देवाची," मी उठून बसलो.

"मंग? अधिकात जावई कोण? नारायण. नारायणाला मी जल्मभर एवढंच वाढत आले. तो कधी म्हणला का, हिराबाई, माझा अपमान केला? का उपाशी राह्यला?" त्या समोर बसल्या. "काल मी तुम्हाला माणसावानी वाढलं, तिथं चुकलं माझं. घ्या. आधी उसळ खा, मॅडम काय म्हणती, ते पोटीन."

रमेश चहाचा कप घेऊन दारात आला आणि म्हणाला, "आई, मग मला पण नैवेद्य का?"

"तू गप बस. तुझ्यापुढं ठेवला तर ताटलीसकट खाशील."

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी मनापासून हसलो. ओवी येऊन शेजारी बसली. मी सावकाश खाल्लं. ताटली रिकामी झाली. लहानपणापासून ताटात काही टाकायचं नाही असं शिकलेला मी, ऑपरेशननंतर पहिल्यांदा पूर्ण ताट संपवून उठलो आणि पोटात काही दुखलं नाही.

निघताना ती ताटली मामींनी पिशवीत घालून दिली. तेव्हापासून आमच्या घरात माझ्या जेवणाला नैवेद्यच म्हणतात. "बाबांचा नैवेद्य झाला का?" असं ओवी विचारते. कोणाच्या लग्नाला गेलो आणि आग्रह झाला की सुनंदा सांगते, "त्यांना नैवेद्याएवढंच वाढा." आश्चर्य म्हणजे या शब्दापुढे कोणी वाद घालत नाही. डाएटचं आहे म्हटलं की लोक हसतात. नैवेद्य म्हटलं की हात आपोआप आखडतो.

त्या ताटलीने चमत्कार केला असं मी सांगणार नाही. त्यानंतरही काटा काही आठवडे तिथेच होता. मग हलला, तोही कंजूषपणे. मध्ये पुन्हा थांबला. पण मी खाणं टाळलं नाही, जीवनसत्त्वांच्या गोळ्या चुकवल्या नाहीत आणि गोदाघाटावर फिरायला जाणं सोडलं नाही. तपासणीलाही जात राहिलो, कारण काटा थांबलेला असताना डॉक्टरांकडे जायची लाज वाटते आणि नेमकं तेव्हाच जावं लागतं. ज्यांचं वजन भराभर उतरतं त्यांच्याकडे बघून मी आता हात जोडतो आणि माझ्या वाटेने चालतो.

पुढच्या वर्षी पुन्हा स्लीप स्टडी झाली. डॉक्टरांना अपेक्षा होती तेवढं वजन अजून उतरलेलं नव्हतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी मान खाली घातली. मग त्यांनी दुसरा कागद पुढे केला. "पण हे बघा. श्वास बंद पडणं जवळजवळ थांबलंय. तुमच्या काट्यापेक्षा तुमचा गळा लवकर सुधारलाय." आणि ते म्हणाले, "मशीन अजून काही दिवस चालू ठेवा. गाडी चालवायला हरकत नाही."

सुनंदाने माझा हात धरला. घरी जाऊन मी स्कूटरवरची धूळ पुसली आणि मामींना पत्र लिहायला बसलो. ते पाठवायला आठवडा गेला, कारण एक गोष्ट करून मगच त्यांना कळवायची होती. फोनवर त्यांना कमी ऐकू येतं. पत्र मात्र त्या बोट ठेवून स्वतः वाचतात, म्हणून अक्षर मोठं काढलं. ते असं:

तीर्थरूप मामींना शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल आहोत. डॉक्टरांनी मला गाडी चालवायला परवानगी दिली. सोमवारी ओवीला स्कूटरवरून शाळेत सोडलं. मुंबई नाक्याला सिग्नल लागला, तेव्हा तिने जुन्या सवयीने पाठीत बोट टोचलं. मी म्हटलं, "जागा आहे गं." तरी हिरवा होईपर्यंत तिने बोट काढलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा टोचलं. काल मात्र ती मागे बसून पाढे म्हणत होती. सिग्नल कधी सुटला, तिला कळलंही नाही.

वजन अजून उतरायचं आहे. हळूहळू उतरेल. रमेशला सांगा, भूल उतरली, ऑपरेशन खरंच झालं होतं.

सुनंदाकडून कळलं की ताटली मला दिल्यापासून तुम्ही देवाला वाटीच्या झाकणात नैवेद्य दाखवता. तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. भांडीबाजारातून तशीच नवी पितळी ताटली आणली आहे, रविवारी सुनंदासोबत पाठवतो. ती देवाला. जुनी माझ्याकडेच राहू द्या.

तुम्ही दर फोनला विचारता, "जावईबापू, पोट भरलं का?" आणि मी काय बोललो ते तुम्हाला ऐकू जात नाही. म्हणून लिहून कळवतो.

भरलं, मामी.

आपला जावई,
प्रभाकर