छावणीच्या बागेतली भुलाबाई

साताऱ्याच्या शाळेत मी मुलींना भूगोल शिकवते, पण वर्धा नदी नकाशाबाहेर कधी पाहिली नव्हती. यंदा दसऱ्याच्या तोंडावर रजा काढली आणि निघाले. माझा धाकटा भाऊ वसंता तिकडे एका नगरपालिकेत ओव्हरसियर आहे. "अक्का, मिलिटरीच्या छावणीची मी बाग केली आहे, बघायला ये," असे तो पत्रामागून पत्रात लिहीत होता. भाऊ इतक्या आग्रहाने बोलावतो तेव्हा त्याला काहीतरी अडचण सांगायची असते, हा माझा जुना अनुभव. गावाचे नाव इथे लिहीत नाही, कारण तिथल्या बायकांना ते आवडणार नाही.

पुलगावला मोठी गाडी सोडून आर्वीची छोटी गाडी धरली. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच ज्वारी आणि मध्ये मध्ये कपाशी. आर्वीहून सर्व्हिस मोटार. तळेगावच्या अलीकडे ती चिखलात रुतली आणि आम्ही सगळे उतरलो. माझी एक चप्पल काळ्या मातीने गिळली. शेजारच्या शेतकऱ्याने कोपरापर्यंत हात घालून ती काढून दिली आणि म्हणाला, "बाई, आमची माती पाव्हण्याले लवकर सोडत नाई." अशी एक पाय काळा आणि एक गोरा करून मी भावाच्या दारात उभी राहिले.

भावजय मालती वर्ध्याकडचीच. तिने गोळाभात केला होता. डाळीच्या भरड्याचे तिखट गोळे गरम भातावर कुस्करायचे आणि वर फोडणीचे तेल ओतायचे. मी तीनदा घेतला. जेवताना मी सहज विचारले, "मालती, बाग कशी झाली आहे ग?"

ती ताटात बघत म्हणाली, "मी नाई गेली अजून."

ओव्हरसियरची बायको आणि बाग पाहिलेली नाही! वसंता खाली मान घालून भात कालवत राहिला. अडचण ती हीच होती.

दुसऱ्या दिवशी त्याने मला बाग दाखवली. लढाईच्या काळात इथे पलटण उतरली होती. ती गेल्यावर बराकी ओस पडल्या. वसंताने त्या पाडून विटांचे वाफे बांधले. कवायतीच्या मैदानात कुदळ शिरेना, तेव्हा तलावातला गाळ गाड्यांनी आणून पसरला आणि त्यात झेंडू आणि गुलबक्षी लावली. गोळीबाराच्या सरावासाठी रचलेल्या, चांदमारीच्या मातीच्या ढिगावर मुलांसाठी घसरगुंडी केली. घसरगुंडी कोरी करकरीत होती. झाडाखाली पाच-सहा पुरुष पत्ते कुटत बसले होते, बाकी चिटपाखरू नाही.

"बायका येत नाहीत, म्हणून मुले येत नाहीत," वसंता म्हणाला. "पलटण होती तेव्हा घरोघर ताकीद होती, की बाईमाणसाने या तारेच्या बाजूनेही जायचे नाही. तार काढून टाकली, तरी त्या अजून नाल्याकडून लांबचा फेरा घेऊन शेतात जातात. कमिटीत आता बोलणे चालले आहे की पत्ते कुटायला बाग कशाला, कापसाच्या गंजीला जागा देऊन टाकू."

फाटकाशी पहारेकऱ्यांची जुनी खोली होती. तिथे सरजा राहायची. ती बागेची माळीण. नवरा वारलेला, सात वर्षांची मुलगी तानी. लढाईच्या महागाईत नवरा अंथरुणाला खिळला, तेव्हा सरजाने छावणीच्या भटारखान्यात भांडी घासली होती. ही गोष्ट गाव विसरले नव्हते. तिला कुणी सणाला जेवायला बोलावत नसे, की तिच्या घरचे पाणी पीत नसे. ती सांगताना रडली वगैरे नाही. खुरप्याने तण काढता काढता तिने सांगितले आणि मलाच चीड आली.

"आज माह्या तानीची भुलाबाई हाय," ती म्हणाली. "पोट्ट्या (मुली) येतीन का व बाई?"

भुलाबाई म्हणजे आमच्या भोंडल्याची वऱ्हाडातली बहीण. ज्वारीच्या ताटांच्या मखरात शंकर-पार्वतीची मातीची मूर्ती बसवतात. पार्वती माहेरी आलेली असते. मुली रोज एकेकीच्या घरी जाऊन गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखतात. ओळखल्याशिवाय किंवा हार मानल्याशिवाय डबा उघडायचा नाही आणि डबा उघडल्याशिवाय कुणी घरी जायचे नाही, असा नियम. तानी महिनाभर सगळ्यांच्या घरी गेली होती. मागे उभी राहून गायली होती. आज तिची पाळी होती आणि तिचे घर त्या जुन्या तारेच्या आत होते.

घरी येऊन मी मालतीला म्हटले, चल. ती म्हणाली, "अक्का, तुमी चार दिवसानं जासान. मले अथीच राह्याचं हाय." मी एकटीच सरजाकडे जाऊन बसले.

उन्हे कलल्यावर मुली आल्या खऱ्या, पण फाटकाबाहेर रस्त्यावरच थांबल्या. पलीकडे त्यांच्या आया उभ्या होत्या, त्यांत मालतीही. मुलींनी गाणी रस्त्यावरूनच म्हटली. आत मूर्तीपाशी तानी एकटीच टाळ्या वाजवत होती. मग सरजाने डबा उचलून वाजवला.

"लाडू!" बाहेरून आवाज आला.

"नाई!"

"शंकरपाळे! करंज्या! गुळपापडी!"

"नाई व माय, नाई!"

मुलींना ठाऊक असलेली खाऊची सगळी नावे संपली. एक धीट पोरगी वास घ्यायला फाटकाच्या आत आली. तिच्यामागे दुसरी. "नंदे, माघारी ये!" एक आई ओरडली, पण नियम म्हणजे नियम. बघता बघता सगळ्या मुली डब्याला नाके लावून मूर्तीभोवती गोळा झाल्या. तुपाचा आणि वेलदोड्याचा वास मला ओळखीचा होता, पण मी तोंड मिटून बसले. मुलींनी हार मानली, तेव्हा सरजाने झाकण काढले. आत खरपूस नानकटाई होती.

मुलींना आणायला आया आत आल्या. सगळ्यांत पुढे नंदाची आजी, गावची पाटलीण. तिने डब्यात पाहिले.

"हे कोनं शिकवलं तुले?"

नागपूरच्या कुणा मावशीने शिकवले, असे सरजाने म्हटले असते तर चालून गेले असते. मलाही मनातून तेच वाटत होते, की बाई, खोटे बोल.

"अथीच शिकली," सरजा म्हणाली. "पलटणीत एक पंजाबी लांगरी (फौजेचा आचारी) होता, म्हातारा. त्यानं शिकवलं. भट्टी तेच हाय, बागेतली. भांडे घासले, पोट भरलं अन् हे शिकली. दुसरं काई केलं नाई मी."

पाटलिणीने एक नानकटाई उचलली, बोळक्या तोंडात घोळवली आणि गिळली.

"साखर कमी टाकजो पुढच्या खेपेले," ती म्हणाली आणि मखराशी टेकून बसली.

त्यानंतर डबा रिकामा व्हायला वेळ लागला नाही. अंधार पडेपर्यंत मुली घसरगुंडीवरून उतरल्या नाहीत. मालती वाफ्यांमधून हिंडत होती आणि वसंता तिला मोठ्या ऐटीत झेंडूची फुले दाखवत होता, जणू तिने झेंडू जन्मात पाहिला नव्हता. मला हसूही येत होते आणि डोळेही पुसावे लागत होते.

निघायच्या दिवशी सरजा मोटारीवर येणार होती. पक्का शब्द दिला होता तिने. मोटार भरली, भोंगा वाजला, तरी तिचा पत्ता नाही. मी रागावले. स्वभावच माझा तसा. तेवढ्यात मालती धावत आली.

"अक्का, वाट नोका पाहू. पाटलीणबाईनं सरजाले अन् तानीले सणाच्या जेवाले बोलावलं. सकाळीच गेल्या."

तळेगाव मागे पडले, आर्वी आली, छोटी गाडी लागली, तरी मी मनात तेच घोळवत होते. इतक्या प्रवासांत मला पोहोचवायला पुष्कळ माणसे आली. जे माणूस आले नाही म्हणून मी इतकी सुखावले, ते हे एकच.