‘शांतता’ नावाचं फोल्डर

माझे सासरे लिफ्ट दुरुस्त करण्यात उभा जन्म घालवून निवृत्त झाले आणि घरी बसल्या बसल्या इमारतीतल्या लोकांच्या ईमेल दुरुस्त करू लागले. दोन्ही कामांत फारसा फरक नाही, असे त्यांचे मत आहे. एक वस्तू इथून निघते, तिथे पोचायची असते. मध्ये अडकली की माणसे दिसेल ते बटण दाबत सुटतात आणि अडकलेले आणखी घट्ट अडकवून ठेवतात.

त्यांची पद्धत ठरलेली आहे. कोणी दारात येऊन “माझी मेलच जात नाही हो” म्हणाले की ते आधी चष्मा पुसतात आणि मग विचारतात, “काय बदललंत?” समोरचा म्हणतो, “काहीच नाही.” कुठलीही लिफ्ट आपण होऊन बिघडत नाही आणि कुठलाही माणूस हात लावल्याचे कबूल करत नाही, हे त्यांना नोकरीत कळून चुकले होते. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनीही काहीच बदलले नव्हते. फक्त फोनवर पासवर्ड नवा केला होता आणि कॉम्प्युटरला ते सांगायचे राहिले होते. शेजारच्या शिंप्यानेही काहीच केले नव्हते. एकाच मेलला कापडाचे ढीगभर फोटो जोडले होते, आणि ती बिचारी आउटबॉक्सच्या दारात अडकून मागच्या सगळ्यांची वाट अडवून बसली होती. सासऱ्यांनी ती काढली तशा मागच्या भराभर गेल्या.

“काका, जादू आहे तुमच्या हातात!” शिंपी म्हणाला.

“जादू कसली? तुम्ही दार अडवून ठेवलं होतंत,” सासरे म्हणाले. कुणी आभार मानले की ते असे गुरकावतात.

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट इथे सांगायला हवी. लिफ्ट तपासताना कधी कधी दाराचे कुलूप लागले आहे असे यंत्राला भासवण्यासाठी एक तात्पुरती वायर जोडतात. काम झाले की ती काढायची. राहून गेली तर दार उघडे असतानाही लिफ्ट सुटते. म्हणून सासऱ्यांचा दंडक होता, की जो वायर जोडेल त्याने स्वतःच्या मनगटाला लाल फीत बांधायची आणि वायर काढल्याशिवाय फीत सोडायची नाही. एक गडी फीत न सोडता घरी जाऊन जेवायला बसला होता. बायकोने विचारले, “हे काय हाताला?” तो उष्ट्या हाताने परत धावला. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. सासूबाई तर शेवट आधीच सांगून टाकतात.

सासऱ्यांचा कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, सासूबाईंच्या जुन्या शिवणयंत्राच्या टेबलावर असतो. यंत्र कधीच मोडीत गेले, पण खालचे पायडल शाबूत आहे. विचारात पडले की सासऱ्यांचे पाय त्यावर चालू लागतात. स्वयंपाकघरातून नुसता आवाज ऐकून मला कळते, आज कितपत बिनसले आहे.

या कॉम्प्युटरचा खरा उपयोग एकच, मोठ्या काकांशी बोलणे. मोठे काका म्हणजे सासऱ्यांचे सख्खे थोरले भाऊ. लांबच्या शहरात एकटे राहतात आणि त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. फोनवर हे दोघे एकमेकांना “काय?” एवढेच विचारू शकतात. म्हणून सकाळच्या चहाबरोबर सासऱ्यांची मेल जायची आणि दुपारच्या झोपेआधी काकांची यायची. आज पोट कसे आहे, गुडघा काय म्हणतो, कोण गेले. काकांना मेल शिकवली ती सासऱ्यांनीच. ‘अडले तर काय करावे’ असा एक कागद मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या भिंतीला चिकटवून आले होते.

आणि मग तो फोटो आला. टबात बसलेले एक उघडेनागडे बाळ, वर काकांची ओळ, ‘मी, एक वर्षाचा असताना.’

“हा मी आहे!” सासरे ओरडले.

त्या वयाची सगळी बाळे सारखीच दिसतात, असे सासूबाई म्हणाल्या. त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. मेलवर मेल गेल्या. कानाच्या पाळ्या, टबाचा पोचा, कपाळाची ठेवण, सगळे पुरावे निघाले. शेवटी काकांनी यच्चयावत नातेवाइकांना सीसीत घालून लिहिले, ‘आमच्या धाकट्याला लहानपणापासून दुसऱ्याचं ते आपलं म्हणायची सवय आहे.’ एका मेलमध्ये भाच्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांच्या घरी बोभाटा झाला.

“बास!” सासरे म्हणाले. “आता मला काही दिवस शांतता हवी.” कॉम्प्युटरवर काहीतरी खटखट केले आणि उठून गेले.

शांतता मिळाली. काकांची एकही मेल येईना. सासऱ्यांचा राग भाताच्या वाफेसारखा, झाकण काढले की गेला. चार दिवसांत ते दुपारी पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसू लागले. पण स्वतःहून लिहिणार नाहीत.

“मोठा तो आहे. चूक त्याची आहे. आधी त्यानं लिहायचं.”

आठवडे गेले. पायडलचा आवाज वाढला. माझ्या नवऱ्याने काकांच्या शेजाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, “तब्येत ठणठणीत आहे, पण हल्ली कुणाशी बोलत नाहीत. कॉम्प्युटरसमोर बसून असतात.” हे ऐकून सासऱ्यांचा चेहरा पडला. आजारपण असते तर निदान कारण कळले असते. ठणठणीत भाऊ लिहीत नाही, म्हणजे त्याने आपल्याला टाकले. ते हे बोलले नाहीत, पण जेवण निम्म्यावर आले.

माणसाला दोष देववेना तेव्हा त्यांनी तो यंत्राला दिला. प्रोग्रॅम बंद करून चालू केला. पासवर्ड पुन्हा टाकला. स्पॅममध्ये शोधले. इंटरनेटवाल्याला बोलावून त्याची हजेरी घेतली. स्वतःलाच मेल पाठवून पाहिली, ती आली. डॉक्टरीणबाईंना पाठवायला लावली, तीही आली. शिंप्याची तर फोटोंसकट आली.

“बिघाड त्याच्याकडे आहे,” त्यांनी निकाल दिला.

“मग मी माझ्या फोनवरून काकांना लिहून विचारते ना!”

“खबरदार!”

घोडे इथेच पेंड खात होते. त्यांना मेल हवी होती, पण मागायची नव्हती. मला हा ताठा समजतो, पण झेपत नाही. त्यातच एका रविवारी डॉक्टरीणबाई बिचाऱ्या काहीतरी विचारायला आल्या, तर सासऱ्यांनी त्यांना सांगितले की तुमची मेल नीट आहे, तुम्हालाच कटकटीची आवड आहे. त्या गेल्या. मी हातातली ताटे तशीच टेबलावर आदळली.

“बाबा, काय बदललंत?”

“काहीच नाही,” ते म्हणाले.

पायडल थांबले. स्वतःचेच उत्तर त्यांनी ऐकले होते. मग त्यांनी चष्मा पुसला आणि प्रोग्रॅममधली एक यादी उघडली. अमक्याकडून मेल आली की तमक्या फोल्डरमध्ये टाक, मला दाखवू नकोस, असा हुकूम या प्रोग्रॅमला देऊन ठेवता येतो. त्याला रूल म्हणतात. यादीत एकच रूल होता. दादाकडून जे येईल ते ‘शांतता’ या फोल्डरमध्ये.

“तात्पुरतं केलं होतं मी ते,” सासरे पुटपुटले.

“आणि लाल फीत?” मी विचारले.

‘शांतता’ उघडले. आत काकांच्या मेल खच्चून भरल्या होत्या. सासरे वाचू लागले, आणि मी लाज न बाळगता मागे उभी राहून वाचू लागले.

पहिल्या काही कडक होत्या. मग, ‘बरं, बाळ तू. झालं समाधान? लिही आता.’ मग, ‘माझ्या मेल तुला पोचत नसाव्यात. भिंतीवरच्या कागदाप्रमाणे सगळं करून पाहिलं. पासवर्ड टाकला. बंद करून चालू केलं. तू म्हणतोस तशी स्वतःला मेल पाठवली. ती आली. हल्ली माझी मलाच येते.’ मग, ‘दुरुस्तीला माणूस बोलावला. म्हणाला, काही बिघाड नाही. त्याला काय कळतंय? तू असतास तर सापडवला असतास.’ आणि सगळ्यांत वरची, त्याच सकाळची, ‘नवा कॉम्प्युटर घेतला. ही त्यावरून पाठवतोय. ही तरी मिळाली का रे?’

मला सासऱ्यांवर ओरडायचे होते. पण ते राहून गेले. त्यांनी रूल पुसला आणि एका बोटाने टाइप केले, ‘मिळाली. सगळ्या मिळाल्या.’

काका समोरच बसलेले असणार. लगेच उत्तर आले, या वेळी सरळ इनबॉक्समध्ये. ‘शाब्बास! मला ठाऊक होतं, तूच शोधून काढणार. बिघाड कुठे होता? मी काय बदललं होतं?’

सासऱ्यांनी लिहिले, ‘सर्व्हरचा घोटाळा होता.’ मी खोकले. त्यांनी ते खोडले. पायडल चालू झाले, थांबले, पुन्हा चालू झाले. मग त्यांनी लिहिले, ‘दादा, तू काही बदललं नव्हतंस. मी रागाच्या भरात तुझ्या मेल बंद केल्या होत्या. मग विसरलो. बिघाड माझा होता.’

पाठवली. उत्तर येईना. सासूबाई येऊन “जेवायला चला” म्हणून गेल्या. आम्ही दोघेही हललो नाही. नवा कॉम्प्युटर, रोज उठून तो भिंतीवरचा कागद वाचणे, हे सगळे मोठा भाऊ माफ करतो की नाही, मला खरोखर सांगता येत नव्हते. सासऱ्यांनाही नव्हते.

मग मेल आली. ‘असं होय. मग बाळ मीच.’

सासऱ्यांनी क्षणभरही विचार केला नाही. ‘तूच,’ असे लिहिले आणि झाडून सगळ्या नातेवाइकांना सीसीत घातले.