वामनचा अंतरपाट

माझा धाकटा भाऊ वामन उमरेडला हातमागावर लुगडी विणायचा. लहानपणापासून एकटा. भर उन्हाळ्यातही अंगात कोट. विणताना कोणी डावीकडून आलं, की त्या माणसाच्या मनातलं सुतात उतरतं म्हणायचा, आणि तेवढं उसवून पुन्हा विणायचा. मी ताईत बांधले, मारुतीला तेल वाहिलं. वामन होता तसाच राहिला.

१९८३ साली त्याला नागपूरला, धंतोलीत डॉक्टरांना दाखवलं. ते त्याच्याशी तासभर बोलले, मग मला म्हणाले, "याला स्किझोटायपल व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. तो वेडा नाही, बाई. आपलं कमावतो, खातो. पण साध्या गोष्टींत त्याला खुणा दिसतात, आणि माणसांची धास्ती वाटते. ओळख वाढली तरी ती जात नाही. वाद घालू नका, हसू नका. झेपेल तेवढंच माणसांत आणा."

पुढच्या वैशाखात माझ्या प्रेमिलाचं लग्न ठरलं. मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामा लागतो. मी परस्पर चुलतभाऊ बाबारावला सांगून टाकलं. नाव डॉक्टरांचं पुढे केलं, पण खरं म्हणजे मला सोयऱ्यांची लाज वाटत होती.

वामनला कळलं तसा तो माझ्याकडे नागपूरला आला. दारातच उभा राहिला.

"ताई, पोरीचा मामा मी हावो. बाबाराव काहून वं?"

"चारशे माणूस राहीन गा. तुले सोसन का?"

"नाही सोसत. नजरा आंगात घुसतात." मग म्हणाला, "अंतरपाट मी विणून आणतो. तो धरला असला, की नजरा पल्याडच राहतीन."

आतून प्रेमिला ओरडली, "मामा, कोट घालूनच याजा! नाहीतर ओळखू येणार नाही तुमी."

वामन हसला. मी त्याच दिवशी बाबारावला निरोप धाडला, की वामनच उभा राहील.

वामनने आणलेला अंतरपाट असा दाट, की पलीकडचा नवरदेव दिसेना. वामन प्रेमिलाच्या मागे उभा राहिला, बटणं गळ्यापर्यंत लावून, घामाने निथळत. भटजी आवरत आले, तोच वरमावशीने घरी रचलेली मंगलाष्टकं काढली. एक संपलं की दुसरं. वामनचे पाय मागे सरकू लागले. मी देवाचं नाव घेतलं. प्रेमिलाने न वळता हात मागे नेला आणि त्याच्या कोटाची बाही धरली. तो थांबला.

अंतरपाट सरला, अक्षता पडल्या. पाहते तर वामन नाही. मांडवामागे पाण्याच्या पिंपाजवळ एकटाच अंतरपाटाची घडी घालत बसला होता. मी त्याचं ताट तिथेच नेलं.

"विणताना डावीकडून कोणी आलं होतं का गा?" मी विचारलं.

"प्रेमिलाचीच याद येऊन राहिली होती," तो म्हणाला. "ते नाही उसवलं."