झेपतं म्हणणारा मेस्त्री

गॅरेजवाल्या मेस्त्रीच्या तोंडून 'जमणार नाही' हे शब्द कधी निघाले नाहीत. इंजिनाचा पार खुळखुळा झालेली गाडी आणा, 'संध्याकाळी घेऊन जा' हे ठरलेलं. संध्याकाळी गाडी तशीच उभी, आणि मेस्त्री चहा मागवून गिऱ्हाइकाला गप्पांत गुंगवतोय. बायको म्हणायची, "घरात नाही दाणा आणि ह्यांना हवालदार म्हणा!"

विद्यापीठाच्या व्यवस्थापन मंडळावर एक पालक घ्यावा लागतो. आधीचा पालक प्रश्न फार विचारायचा. कुलसचिवांची गाडी मेस्त्रीकडेच दुरुस्तीला यायची, त्यामुळे माणूस त्यांनी पुरता ओळखलेला. मेस्त्रीची मुलगी तिथंच दुसऱ्या वर्षाला होती. झालं, मेस्त्री पालक प्रतिनिधी! त्यानं गल्लीभर सांगितलं. यंदाची फी गॅरेजातला हवेचा कॉम्प्रेसर विकून भरली, हे मात्र सांगितलं नाही.

मग फीवाढीची बैठक लागली. निघताना मुलगी दारापर्यंत आली. "बाबा, एवढंच म्हणा, आम्हाला परवडत नाही. फी वाढली तर मला घरी बसावं लागेल."

"मी आहे ना तिथं," मेस्त्री म्हणाला.

गुळगुळीत लांबलचक टेबल, प्रत्येकापुढं माइक. रॉकेलनं घासूनही मेस्त्रीची नखं काळीच राहिली होती. त्यानं हात टेबलाखाली ठेवले. अध्यक्षांनी अनुदान घटल्याचं, पगार थकल्याचं रडगाणं गायलं. निम्मे सदस्य वाढीच्या बाजूचे, निम्मे कुंपणावर. वाढीला खरा विरोध इतिहासाच्या म्हाताऱ्या प्राध्यापक बाईंचा. एकट्या किल्ला लढवत होत्या बिचाऱ्या, आणि त्यांनीच घात केला.

"आकडे राहू द्या," बाई म्हणाल्या. "समोर पालक बसलाय, त्यालाच विचारू. हे बघा, दिवसभर ग्रीसमध्ये राबणारा गरीब माणूस. मेस्त्री, लाजू नका. खरं सांगा, झेपेल का तुम्हाला?"

सगळ्या माना वळल्या. बाईंच्या डोळ्यांत माया होती, आणि मेस्त्रीला तीच झोंबली. शिवी दिली असती तर त्यानं हसून घेतली असती. चारचौघांत कुणी कीव करावी? तो खुर्चीत ताठ झाला.

"बाई, मी काही भिकारी नाही. पोरीच्या शिक्षणासाठी दुप्पट फी करा, झेपतं आम्हाला!"

टेबलावर थापा पडल्या. "आता बोलायचं काय उरलं?" अध्यक्ष म्हणाले. बाईंनी चष्मा काढला आणि समोरचे कागद मिटून ठेवले. ठराव मंजूर झाला. फाटकाबाहेर धरणं धरलेल्या पोरांना कुणीतरी मेस्त्रीचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. त्या पोरांत त्याची मुलगीही बसली होती.

तिनं घरी बोलणं टाकलं. ताट वाढायची, आणि आत निघून जायची. शेवटी बायकोनं मेस्त्रीला अक्षरशः ढकललं, "जा त्या कुलसचिवाकडं, सवलत मागा. तोंडानं घालवलंय, आता तोंडानंच मिळवा."

मेस्त्री गेला. कुलसचिव खुर्चीवरून उठले. समोरच्या पाहुण्यांना म्हणाले, "हेच ते आमचे पालक! कणा असावा तर असा." मग वळून, "बोला मेस्त्री, काय काम काढलंत?"

सवलतीचं वाक्य मेस्त्रीनं वाटेत दहा वेळा घोकलं होतं. ओठांपर्यंत आलंही.

"काही नाही साहेब. गाडीचं ऑइल बदलायला झालंय, सांगून जावं म्हटलं."

घरी दोघी दारातच उभ्या होत्या. मेस्त्री मटकन खाली बसला. "पाय धरले त्याचे. गयावया केली. नाही ऐकलं मेल्यानं."

 मुलगी पाणी घेऊन आली, त्याच्याजवळ बसली, आणि त्याचा हात हातात घेतला.

"जाऊ द्या बाबा. माझ्यासाठी तुम्ही कुणाच्या पाया पडलात, मला तेवढं पुरे. मी उगीच तुमच्यावर राग धरला."

सोमवारपासून ती चपलांच्या दुकानात कामाला जाणार होती. त्या रात्री तिनं बापाला स्वतः जवळ बसून वाढलं, आणि मेस्त्री पोटभर जेवला.