ताईचा न सापडलेला कण

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदूरजवळच्या सिमरोलहून परत येत होतो. तिथल्या इंजिनिअरिंग संस्थेत शिकवणाऱ्या तिच्या एका जुन्या विद्यार्थ्याची दोन पुस्तकं आमच्या घरी राहिली होती, आणि आदल्या दिवशी दवाखान्यात तिनं बजावलं होतं, "आधी ती देऊन ये, फिर आरामसे बस माझ्याजवळ." मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. रडू आलं नाही. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. ती दुखण्यातून सुटली हे होतंच, पण त्याहून जास्त म्हणजे ती जायच्या महिनाभर आधी आमचं जे बोलणं झालं, ते झालं नसतं तर... आज दीड महिन्यानं हे लिहायला बसलोय ते त्या बोलण्यासाठीच.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बाबा इंदूरच्या एका कापडगिरणीत टाइमकीपर होते आणि आम्ही परदेशीपुऱ्यात दोन खोल्यांत राहायचो. एमएस्सीला पहिली आली आणि ताई संशोधनासाठी बंगलोरला गेली. विषय कणभौतिकी, त्यातही सैद्धांतिक. म्हणजे यंत्रं नाहीत, नुसतं गणित. पदार्थाच्या सगळ्यात लहान कणांचं वागणं कागदावर मांडायचं, ते जुळवताना एखादा कण कमी पडत असेल तर तो असणारच असं म्हणायचं, आणि मग जगातल्या मोठ्या प्रयोगशाळांनी तो शोधायचा. ताईच्या मॉडेलमध्ये असा एक कण होता. बाबांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण गिरणीत ते सगळ्यांना सांगायचे, "हमारी लडकी कण ढूँढती है."

नव्वदीची सुरुवात होती. देशाची दारं उघडली असं पेपर लिहीत होते आणि आमच्याकडे एकेका गिरणीचं फाटक बंद होत होतं. एका सकाळी बाबांच्या गिरणीच्या फाटकावरही कागद चिकटवलेला दिसला. बाबा तरी रोज डबा घेऊन तिथं जात, संध्याकाळपर्यंत समोरच्या कट्ट्यावर बसत आणि परत येत. घरी बोलणं बंद. आई आधीच गेलेली. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. एके दिवशी बाबांनी डबा तसाच भरलेला परत आणला, तेव्हा मी घाबरलो आणि त्यांना न विचारता ताईला पत्र लिहिलं, 'तू ये. माझ्याच्यानं होत नाही.'

आठ-दहा दिवसांत ती आली, पत्र्याची ट्रंक घेऊन. परत गेलीच नाही. इथल्याच एका कॉलेजात शिकवायला लागली. पुढं माझ्या लग्नात मामी मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "इतकी हुशार पोरगी, पण भावानं एक चिठ्ठी काय लिहिली, पूरी लाइफ बदलली बिचारीची." मी अंतरपाटासमोर उभा होतो. ते वाक्य तीस वर्षं माझ्या पोटात राहिलं.

आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात तिनं बाबांना कामाला लावलं. कण सोडून ती आता दुसऱ्याच गोष्टीच्या मागे होती. सजीवांच्या जाती कशा बदलतात, कशा नाहीशा होतात, याचं एक साधं मॉडेल. पुठ्ठ्यावर तिनं मोठं वर्तुळ काढलं, त्यावर साठ घरं. प्रत्येक घर म्हणजे एक जात, आणि तिचा टिकाव किती ते सांगणारा एक आकडा. सगळ्यात लहान आकडा खोडायचा, त्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारीही खोडायचे आणि तिघांना नवे आकडे द्यायचे, कसलाही हिशोब न लावता, जे येतील ते. कॉम्प्युटर कुठला आमच्याकडे? ताईनं रद्दीतून जुनी टेलिफोन डिरेक्टरी आणली. त्यातल्या नंबरांचे शेवटचे दोन आकडे बाबांनी ओळीनं वाचायचे. "आजचा दिवस मदत करा बाबा," असं तिनं सांगितलं आणि तो दिवस दोन महिने चालला. वर्षानुवर्षं हजेरी लिहिलेला माणूस तो. डबा घेऊन फाटकाकडे जाणं हळूहळू सुटलं आणि घरात पुन्हा त्यांचा आवाज यायला लागला. "सतरा. चौसष्ट. झीरो नऊ."

एकदा वाचता वाचता ते थांबले. "कमजोर गेला ते समजलं. पण शेजाऱ्यांचा काय कसूर?"

"कसूर नाही बाबा. त्याच्या जिवावर जगत होते, म्हणून तेही हलले."

बाबांनी डिरेक्टरी मिटली. "आमच्या गेटावर चहावाला होता, मांगीलाल. तो पण गेला, परत गावाला, देपालपुरला..." मग चष्मा काढून म्हणाले, "पण बेटा, आपली गिरणी अशी नाही बंद पडली. तिथं आकडा कुणीतरी ठरवून काढला."

"हो," ताई म्हणाली. "तिथं माणसं होती. माझ्या गणितात ती येत नाहीत."

तिनं बाबांचं समाधान करायला काही जोडलं नाही. मला वाटतं, म्हणूनच बाबांना बरं वाटलं. त्या दिवशी ते व्यवस्थित जेवले.

पुढं कॉलेजात कॉम्प्युटर आला, तिनं तेच काम लाखो पायऱ्यांपर्यंत नेलं आणि त्यावर दोन-तीन शोधनिबंध छापून आले. पहिल्याच्या शेवटी, 'आकडे वाचून दिल्याबद्दल' म्हणून बाबांचे आभार होते. नाव फार मोठं झालं नाही. एखादा विद्यार्थी परदेशी निघाला की निरोप घ्यायला घरी यायचा, आणि मी चहाचे कप ठेवून बाहेर पडायचो. हिलाही असंच परदेशी जाता आलं असतं, हे मनातून जायचं नाही.

जाण्याच्या महिनाभर आधी, दवाखान्याच्या गॅलरीत दुपारचं ऊन घेत ती बसली होती. संत्रं सोलता सोलता माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, मी ते पत्र लिहायला नको होतं."

"कोणतं पत्र?"

मी सांगितलं. ती सावरून बसली. "अरे, तुझं पत्र यायच्या आधीच प्रयोगशाळेचा निकाल आला होता. मी सांगितलं होतं तिथं त्यांनी सगळं शोधलं, माझा कण कुठेच नव्हता. चार वर्षं गेली माझी त्यात. माझे गाइड सर म्हणाले, मॉडेल जरा बदल, कण आणखी जड आहे असं म्हण. म्हणजे इतक्यात सापडणार नाही आणि तू चूकही ठरणार नाहीस. मला ते नको होतं. पण घरी काय तोंड दाखवू? बाबा सगळ्यांना सांगून बसलेले. आणि मग तुझं पत्र आलं... इतकं हलकं वाटलं रे. बाबांची अवस्था वाचून रडले, ते नंतर."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

तिनं हातातली संत्र्याची फोड खाली ठेवली. "हरून आली म्हणण्यापेक्षा भावासाठी आली, हे ऐकायला बरं वाटायचं. तुला त्याचा त्रास होत असेल हे डोक्यातच नाही आलं. माझं चुकलं, भिया." भाऊ म्हणायची ही आमची इंदुरी तऱ्हा.

मला राग आला. तीस वर्षांचा एकदम आला, आणि तिथंच ओसरला. ती पुढं होऊन माझं तोंड निरखत होती, लहानपणी माझ्या हातून काही फुटलं की मी रडतो का ते बघायची तशी. मला हसू फुटलं. मग तीही हसली, खोकला येईपर्यंत. नर्स धावत आली.

तेराव्याला मामी काठी टेकत आल्या. आता नव्वदीच्या आहेत. फोटोकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या एका चिठ्ठीपायी..." मी त्यांना पाणी दिलं आणि म्हटलं, "नाही मामी. तिला यायचंच होतं." त्यांना नीट ऐकू आलं नसावं. मी पुन्हा सांगितलं नाही.

ताईची खोली अजून तशीच आहे. टेबल, टोकं झिजलेल्या पेन्सिली, पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. एकाच घरात राहून मी त्या खोलीत कधी बसलो नव्हतो. "चहा झालाय," "कुणी आलंय," जे काय सांगायचं ते दारातूनच. तिला कधी हे जाणवलं का, विचारायचं राहिलं. आता सकाळी चहाचा कप घेऊन मी आत जातो, तिच्या खुर्चीवर बसतो, आणि चहा संपला तरी बसून राहतो.