कलम तीन आणि दिंडोरी रस्त्यावरचा चहा

आरंभीच नमूद करतो की मला सायकलची हौस कधीही नव्हती. सायकल मला डॉक्टरांनी लिहून दिली आणि संगणक वर्तमानपत्रांच्या संपादकांनी. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत एकेका संपादकाने ‘वाचकांनी आपली पत्रे यापुढे ई-मेलने पाठवावीत’ अशी चौकट छापायला सुरुवात केली, आणि रंग न मारलेल्या गतिरोधकांविषयीची, पदपथावर मांडलेल्या दुकानांविषयीची माझी पत्रे पोस्टाच्या पेटीतून थेट विस्मरणात जाऊ लागली. तेव्हा मी संगणक घेतला, त्यात मराठी अक्षरे बसवून घेतली आणि पुन्हा लिहू लागलो. पत्राच्या माथ्यावर संपूर्ण पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि ‘गणपती मंदिरामागील गल्ली, हिरवे फाटक’ ही खूण असे. तक्रार करणाऱ्याने सापडण्याजोगे असावे, असे माझे मत आहे.

माझी नोकरी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, कामगार खात्यात झाली. यंत्रावर काय तयार होते याच्याशी माझा संबंध नव्हता. मी कारणे दाखवा नोटिसा, आरोपपत्रे आणि स्थायी आदेशांतल्या दुरुस्त्या तयार करीत असे. पुढे कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली, जिच्यात स्वेच्छा व्यवस्थापनाची होती आणि निवृत्ती आमची. तो मसुदाही मीच लिहिला होता. त्यात एकही त्रुटी नसल्यामुळे मला त्याविरुद्ध दाद मागता आली नाही.

घरी बसल्यावर साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. मी सायकल आणली, आणि तिला घंटी असणे कायद्याने बंधनकारक आहे काय हे इंटरनेटवर शोधू लागलो. घंटीचा कायदा सापडला नाही. त्याऐवजी नाशिकच्या सायकलवाल्यांचा एक ई-मेल गट सापडला. दर रविवारी पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानापाशी जमायचे, कुठे जायचे ते शनिवारी ठरवायचे, कोणीही यावे. अर्ज नाही, वर्गणी नाही, घटना नाही, जबाबदार व्यक्तीचे नाव नाही. इतकी बेकायदा वस्तू मी आयुष्यात पाहिली नव्हती. गटाला सविस्तर ई-मेलने कळवून मी ती प्रत्यक्ष पाहायला गेलो.

वीसेक माणसे उभी होती. एकमेकांना ती पडद्यावर भेटलेली, त्यामुळे कोणाला कोणाचे आडनाव ठाऊक नव्हते आणि त्याचे कोणाला दुःखही नव्हते. अंगाला चिकटलेल्या कपड्यांतला एक तरुण पुढे आला. अंबडलाच इंजिनिअर होता आणि गटाचे जे काही चाले ते तोच चालवत असे.

“या काका, या. मेल आलेली तुमची. केवढी लांबलचक!”

“मी आपल्या वडिलांचा भाऊ नाही,” मी म्हणालो.

“बरं. मग काय म्हणू?”

“मला सर्व जण साहेब म्हणतात.”

“साहेब नको हो. साहेबाला चुकवायलाच तर येतो रविवारचं.”

त्याच्या मागे एक चाळिशीच्या बाई हातमोजे चढवत होत्या. सरकारी कार्यालयात नोकरीला होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “काकाच राहू द्या. साहेब म्हटलं की मला सोमवार आठवतो.”

अशा रीतीने माझी हरकत नोंदवून न घेता फेटाळण्यात आली आणि मी काका झालो.

या बाई नेहमी सर्वांत मागे असत. मालगाडीला गार्ड असतो तसा, म्हणून त्यांना सगळे गार्ड म्हणत. गार्डने शेवटच्या माणसाच्या मागे राहायचे, तो कितीही रेंगाळला तरी त्याला ओलांडायचे नाही. ही एक रीत. दुसरी रीत चहाची. पुढचे सगळे ठरलेल्या टपरीवर पोहोचले तरी शेवटचा माणूस आल्याशिवाय चहा सांगायचा नाही. सांगायचाच नाही. हे कुठेही लिहिलेले नव्हते आणि कोणीही मोडत नव्हते.

शेवटचा माणूस मी होतो, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. पहिल्या रविवारी होतो, दुसऱ्या रविवारी होतो, आणि पुढेही त्या पदावर मला स्पर्धक मिळाला नाही. माझा वेग मुळात कमी, शिवाय मी लाल सिग्नलला थांबत असे. पहाटे रस्ता मोकळा असतो म्हणून लाल दिव्याचा अर्थ बदलत नाही. मागून गार्डबाईही एक पाय टेकवून निमूट थांबत, आणि रस्त्यावर आम्हा दोघांखेरीज एखादा दूधवाला असे, तोही आमच्याकडे पाहत न थांबता निघून जाई.

मग आम्ही टपरीवर पोहोचायचो. वीस माणसे कोरड्या घशाने उभी, टपरीवाला रिकामे पातेले घेऊन उभा, आणि सगळ्यांच्या माना माझ्या दिशेला वळलेल्या. कोणी टोमणा मारत नसे. इंजिनिअर फक्त टपरीवाल्याला म्हणे, “टाका. आले.”

मला त्याचा अनावर संताप येई. आयुष्यभर मी माणसे कामावरून कमी कशी होतात ते पाहिले होते. आधी त्यांना सांभाळून घेतात, मग सांभाळून घेतो असे बोलून दाखवतात, आणि मग एके दिवशी त्यांच्या नावाचे कार्ड गेटवर नसते. या वीस जणांचा संयम किती रविवार टिकेल हे सांगणारे एक अक्षरही कुठे नव्हते. आणि मला त्या गटात राहायचे होते. आठवड्याच्या उरलेल्या दिवसांत घराबाहेर माझी वाट पाहणारे दुसरे कोणी नव्हते. महापालिका तर नव्हतीच. परंतु मला तेथे कोणाच्या दयेवर राहायचे नव्हते, हक्काने राहायचे होते. हक्काला मर्यादा लागते. मर्यादा लेखी लागते.

म्हणून मी गटाला पत्र लिहिले. विषयाच्या ओळीत मराठी अक्षरे बसत नसल्याने तेथे ‘Resolution for approval’ असे इंग्रजीत घातले. तीन कलमे होती. पहिले घंटीचे, दुसरे लाल सिग्नलचे. तिसरे असे: ‘चहाच्या ठिकाणी गट पोहोचल्यापासून पंधरा मिनिटांत जो सदस्य त्या ठिकाणी पोहोचणार नाही, त्याने गट स्वेच्छेने सोडला असे मानण्यात येईल, व इतरांस चहा घेण्याची मुभा राहील.’ जाणकारांना यात कारखान्याच्या स्थायी आदेशांचा वास येईल. रजा संपूनही कामावर न येणाऱ्याने नोकरी स्वेच्छेने सोडली असे मानायचे कलम तेथे असते. ते मी कितीतरी जणांना लावले होते. ते मजबूत कलम आहे.

पंधरा मिनिटे मी विचारपूर्वक घातली होती. रोजच्या वेगाने मी तेवढ्यात पोहोचत असे.

उत्तरे संध्याकाळपर्यंत आली, सगळी इंग्रजी अक्षरांत. ‘मंजूर काका.’ ‘एकदम मंजूर.’ ‘काका रॉक्स’, ज्याचा अर्थ मी मुलाला फोन करून विचारला. इतका महत्त्वाचा ठराव एकाही दुरुस्तीविना संमत झालेला पाहून मला समाधान वाटले आणि थोडी भीतीही. कलम आता जिवंत होते.

थंडीतल्या एका रविवारी दिंडोरी रस्ता ठरला. बाहेर पडल्यावर दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, समोर लांब चढ, आणि चढ संपल्यावर पुढे टपरी. त्या चढाच्या अर्ध्यावर माझे मागचे चाक बसले. बाभळीचा काटा होता. शेतकऱ्याने कुंपणाच्या फांद्या रस्त्याच्या कडेला टाकल्या होत्या, त्यासंबंधीचे पत्र मी नंतर संबंधितांना पाठवलेच.

गार्डबाई उतरल्या. चाक दाबून पाहिले.

“पंक्चरचं सामान पुढे गेलंय. मी घेऊन येते. तुम्ही हलू नका इथनं.”

“गार्डने शेवटच्या माणसाला सोडून जायचे नसते,” मी म्हणालो.

“तो चालत असेल तर. बसला असेल तर जावं लागतं.”

त्या गेल्या. मी मैलाच्या दगडाला सायकल टेकवून उभा राहिलो आणि घड्याळ पाहिले. सायकलवर मोबाइल बाळगणे मला मंजूर नसल्याने तो घरी होता. पुढचे लोक टपरीवर केव्हा पोहोचले असतील याचा हिशेब मी दोनदा केला, दुसऱ्यांदा जरा उदारपणे. तरीही मुदत संपली. त्या क्षणी, दिंडोरी रस्त्यावर, कोणी काही न बोलता, मी गट स्वेच्छेने सोडला.

वाचकांना हे हास्यास्पद वाटेल. परंतु ज्याने हे कलम इतरांच्या पोटावर चालवले, त्याने ते स्वतःच्या चहावर चालवायला नकार द्यायचा, तर तो कोणत्या तोंडाने? शिवाय गट सोडलेल्या माणसाला गटाचे पंक्चरचे सामान वापरण्याचा अधिकार राहत नव्हता. मी खिशातल्या कागदावर लिहिले: ‘कलम तीन अन्वये माझे सदस्यत्व संपुष्टात आले आहे. शोध घेण्याचे कारण नाही. मी सुखरूप आहे.’ खाली सही केली, कागद दगडावर ठेवला, वर एक धोंडा ठेवला आणि हात केला.

कळवणकडून मार्केटला भाजी घेऊन निघालेला टेम्पो थांबला. चालकाने सायकल वर घ्यायला लावली आणि मला टमाट्याच्या क्रेटमधल्या फटीत बसवले.

“बाबा, टमाट्यावर टेकू नका फक्त. आन् येवढ्या थंडीत कुठं निघालते सायकलवर?”

“चहाला.”

“लय लांब हो चहाला. घरी देत नाय काय?”

मागे वळून रस्ता पाहत राहिलो. पंचवटीत त्याने मला उतरवले, पैसे घेतले नाहीत, आणि जाता जाता घरी जुळवून घ्यायचा सल्ला दिला.

फाटकाची कडी वाजली तेव्हा पत्नी तुळशीला पाणी घालत होती.

“अहो, आज लवकर? कोणाशी भांडलात?”

“कोणाशीही नाही. कलमाने गेलो.”

“कलम कोणी लिहिलेलं?”

“मी.”

“मग भांडलातच की,” ती म्हणाली. “चहा टाकू?”

नको म्हणालो. का नको म्हणालो ते सांगता येणार नाही. संगणक सुरू करून बसलो आणि राजीनामा नव्हे, तर सदस्यत्व आपोआप संपल्याची औपचारिक सूचना टंकू लागलो. दोन्हींत फरक आहे. परंतु पहिल्या परिच्छेदापुढे मजकूर सरकेना. पुढच्या रविवारी पहाटे मी काय करणार हे मला दिसत होते. मी याच खुर्चीवर बसून महापालिकेला पत्र लिहीत असणार होतो.

तेवढ्यात गल्लीत ब्रेक करकरले. हिरव्या फाटकाबाहेर सायकली भिंतीला लागत होत्या. गटच होता. घामाघूम, चेहरे आंबलेले. गार्डबाईंच्या हातात माझा कागद होता.

“काका, हे काय?” इंजिनिअर म्हणाला. “तासभर ताटकळलो. टपरीवाला म्हणतो, चहा नाही प्यायचा तर बाकड्यावरनं उठा.”

“तुम्हांला चहा घेण्याची मुभा होती. कलम तीन. तुम्हीच मंजूर केलेत.”

“कुठलं कलम?”

“माझ्या पत्रातले.”

ते एकमेकांकडे पाहू लागले. मग एक जण सावकाश म्हणाला, “काका, तुमची मेल आम्हांला चौकोन-चौकोन दिसते. पहिल्यापासून. मराठी फॉन्ट नाही ना कोणाकडे.”

“मग मंजूर काय केले?”

“तुम्ही एवढं लिहिता, म्हटलं बरंच असणार.”

माझ्या हयातीत मी इतका संतापलो नसेन. माझी तिन्ही कलमे, घंटीसुद्धा, या लोकांनी चौकोनांच्या रूपात संमत केली होती. अशा संमतीला कायद्यात काडीची किंमत नाही, हे मी बोलणार होतो. तोच लक्षात आले की मग कलम तीनही उरत नाही, आणि मी बोलायचे थांबलो.

“मी वाचलंय,” गार्डबाई म्हणाल्या. “आमच्या ऑफिसात मराठी फॉन्ट आहे. सगळी पत्रं वाचते मी तुमची. पत्ता त्यातलाच ना. काका, पंधरा मिनिटं मोजायची कुठनं?”

“गट चहाच्या ठिकाणी पोहोचल्यापासून.”

“आणि चहाचं ठिकाण म्हणजे कुठलं, ते लिहिलंय?”

लिहिले नव्हते. व्याख्यांचे कलम राहून गेले होते. इतक्या वर्षांत मजसारख्या माणसाच्या मसुद्यात असे कधी घडले नव्हते.

“आम्ही ठिकाण बदललं,” त्या म्हणाल्या. “तुमचा कागद वाचल्यावर ठरवलं. आज चहा इथं.”

“म्हणजे आज काका पहिले,” इंजिनिअर म्हणाला.

“पहिले आणि एकटेच. टमाट्यासकट,” मागून कोणीतरी म्हणाले. माझ्या कोपराला टमाटा लागला होता.

मी त्या युक्तिवादात खोट शोधू लागलो. ठिकाण बदलल्याची पूर्वसूचना मला नव्हती, हा मुद्दा भक्कम होता. परंतु तो मांडला तर निकाल माझ्याविरुद्ध जात होता, आणि स्वतःविरुद्ध वकिली करण्याचे बंधन कोणत्याही कायद्यात नाही. मी फाटक उघडले. ओसरीवर, पायऱ्यांवर, तुळशीच्या कट्ट्यापाशी माणसे टेकली. पत्नीने कोणाला काही न विचारता मोठे पातेले काढले आणि शेजारून दूध मागवले.

आल्याचा वास बाहेर आला तेव्हा मी माणसांवरून नजर फिरवली.

“सगळे आले?”

“एक जण मागे आहे,” इंजिनिअर म्हणाला. “चेन पडली त्याची, मखमलाबाद नाक्यापाशी. येईलच.”

“त्याच्या मागे गार्ड कोण आहे?”

कोणीच नव्हते. गार्डबाई माझा कागद घेऊन पुढे आल्या होत्या. त्या उठायला लागल्या, तर मी त्यांना बसवले आणि आत हाक मारली, “अगं, गाळू नकोस. एक जण यायचा आहे.”

मग मी फाटकात जाऊन उभा राहिलो. मनगटावरचे घड्याळ मी पाहिले, हे नमूद करणे भाग आहे. पंधरा मिनिटे उलटून गेली होती. माझ्या मागे वीस माणसे कोरड्या घशाने बसून होती, आणि कोणाचीही चहा सांगायची हिंमत नव्हती.