यवतमाळात वरण-भात शोधताना

आज सकाळी पूजा आटोपून, कामाच्या घाईत न जेवताच बायकोसोबत राळेगावहून एसटीने यवतमाळला आलो. कालची एकादशी तिला कांदा-लसूण नसलेल्या वरण-भातावर सोडायची होती.

मोबाईलमध्ये पाहून तीन हॉटेलं गाठली. सगळीकडे पनीर आणि नूडल्स! बारा वाजत आले, तिला चक्कर येऊ लागली. ज्याला विचारावं तो एसीचंच हॉटेल दाखवायचा. आपलं रोजचं जेवण पाहुण्याला सांगायची एवढी लाज का वाटते हो आपल्याला?

शेवटी रिक्षावाल्याला विचारलं, "भाऊ, तू कुठं जेवतं?"

"मावशीच्या खानावळीत. साधं वरण-भात भेटते. पण तुमाले नाई जमनार, काकाजी. पंखाबी नाई तिथं."

"आमाले काहून नाई जमनार?" बायकोच म्हणाली.

मी मोबाईल खिशात टाकला आणि तिला आधी रिक्षात बसवलं.